चारशे सतराचा बिल्ला

आज मी चार ओळी लिहितो आणि लोक त्या वाचतात, याचं पहिलं श्रेय गोंदियाच्या शाळेतल्या माझ्या चित्रकलेच्या सरांचं. हे सुरुवातीलाच लिहून ठेवतो. पुढे जे सांगणार आहे त्यात मी त्यांच्याविषयी बरंच वाईट मनात आणलेलं आहे, आणि ते वाचताना कोणी ही पहिली ओळ विसरू नये.

माझे वडील रेल्वेत गँगमन होते. आमच्या घरात छापील कागद यायचा तो किराण्याची पुडी होऊन. सर शाळेत चित्रकला शिकवत आणि शाळा सुटल्यावर नागपूरच्या एका मराठी दैनिकाला गावच्या बातम्या पाठवत. बातमीबरोबर कधी शाईचं एखादं चित्रही जाई: पुरात वाकलेला पूल, कुस्तीत हरलेला पैलवान. मी आठवीत असताना ते मला स्टेशनवर पाठवायचे आणि परत आल्यावर विचारायचे, “गाडीतून कोण उतरलं?” मी सांगायचो. मग हमखास प्रश्न यायचा, “पायात काय होतं त्याच्या?” सांगता आलं नाही की पुन्हा पुढच्या गाडीला. दोन वर्षांत मी माणसांचे पाय पाहायला शिकलो, मग हात, मग चेहरा. चित्रही तसंच शिकलो, पायाकडून वर.

मॅट्रिकनंतर वडील मला गँगवर लावायला निघाले होते. सर घरी आले, ओट्यावर बसले आणि म्हणाले, “याला चार वर्षं मला द्या. नाहीच काही झालं तर मी स्वतः आणून सोडतो गँगवर.” मी बी.ए. झालो, आमच्या वस्तीत पहिला. त्याच सुमारास सरांनी शाळा सोडली आणि त्या दैनिकात बातम्यांच्या टेबलावर नोकरी धरली. रविवारच्या पानावरच्या कथा-कवितांना चित्रंही तेच काढत. भिलाईला कारखाना उभा राहू लागला, पेपरला तिथे वार्ताहर हवा होता, तेव्हा त्यांनी माझं नाव पुढे केलं.

मी गोष्टी लिहितो हे त्यांना ठाऊक होतं. त्यांचं सांगणं एकच असे, “गोष्ट लिहितानाही आधी ठिकाण सांग, मग दिवस, मग माणूस. बातमीसारखी. वाचणाऱ्याला संशय यायला जागाच ठेवू नको.”

मी ती ठेवली नाही, आणि घोटाळा तिथूनच सुरू झाला.

भिलाईत मी ताईकडे राहत होतो. कोहका नावाच्या वस्तीत, मातीच्या दोन खोल्यांत. घरातले देव नदीत सोडून ताई-भाऊजींना दोनच वर्षं झाली होती. कोनाड्यात आता बुद्धाची तसबीर होती आणि तिच्या शेजारी माझी दौत. ती जागा ताईने स्वतःहून दिली होती.

भाऊजी एका ठेकेदाराकडे टाइमकीपर होते. कारखान्याच्या एका उंच चिमणीचा पाया घालण्याचं काम त्या ठेकेदाराकडे होतं. दर मजुराजवळ एक पितळी बिल्ला असे, त्यावर नंबर. सकाळी आत जाताना तो खिडकीत द्यायचा, भाऊजी तो फळ्यावरच्या त्या नंबराच्या खिळ्याला अडकवायचे. संध्याकाळी बाहेर पडताना परत घ्यायचा. फळ्यावर बिल्ला म्हणजे माणूस आत. खिळा रिकामा म्हणजे माणूस घरी गेला. एवढी साधी रीत होती, आणि भाऊजींना तिचा फार अभिमान होता. कागद खोटा बोलेल, म्हणायचे, पण खिळा बोलणार नाही.

मी सकाळी पत्र्याच्या शेडमध्ये मजुरांच्या मुलांना शिकवायचो आणि दुपारी सायकलवर बातम्या गोळा करायचो. बातम्या तरी काय, पाहुणे आले, पाहुणे गेले, अमुक यंत्र बसलं. माझ्या वहीला दोन तोंडं होती. सरळ धरली की बातमी, उलटी धरली की गोष्ट. जेवतानाही ती मांडीजवळ असायची, आणि ताई म्हणायची, “जेवाले बसला का परीक्षेले?”

एका संध्याकाळी भाऊजी हात धुता धुता म्हणाले, “आज चारशे सतराचा बिल्ला तसाच लटकून आहे.”

“मंग गडी कुठं गेला?” ताईने विचारलं.

“पळाला असंल मागच्या तारेतून. खड्ड्यात उतराले भ्यायचा तो. मुकादमानं आज बळजबरीनं उतरवला.”

“बिल्ला टाकून पळाला?”

“आता तूच सांग. माह्यापाशी बिल्ला आहे, माणूस नाई.”

ताई हसली. मी वही उलटी केली.

गोष्ट चार दिवसांत झाली. एक मजूर चिमणीच्या पायाच्या खड्ड्यात उतरतो. वरून काँक्रीट पडत राहतं. तो वर येताना कोणी पाहत नाही. टाइमकीपर रोज संध्याकाळी त्याचा बिल्ला खिळ्यावर पाहतो आणि कोणाला काही बोलत नाही. चौथ्या दिवशी एक नवा मजूर कामावर येतो, तेव्हा टाइमकीपर तोच बिल्ला सदऱ्याला पुसून त्याच्या हातात ठेवतो. त्या पुसण्यासाठी मी सगळी गोष्ट लिहिली होती. सुरुवात मात्र सरांच्या सांगण्याप्रमाणे अगदी कोरडी ठेवली: भिलाई, अमुक वार, आमच्या वार्ताहराकडून. ही युक्ती मला फार हुशारीची वाटली. नंबर बदलायला हवा होता हे आज कळतं. बदलून पाहिलाही होता. चारशे अठरा, तीनशे दोन. कानाला चारशे सतराच खरा वाटला.

आमचा मजकूर दुर्ग स्टेशनवर पॅसेंजरच्या गार्डाच्या हाती द्यायचा, नागपूरला पेपरचा माणूस तो उतरवून घ्यायचा. त्या दिवशी एका पाकिटात दोन गोष्टी होत्या: फुटबॉलच्या सामन्याची बातमी आणि घडी घातलेली ही कथा. दोन्ही एकाच पेन्सिलीने, एकाच कागदावर. कथेच्या घडीवर मी ‘रविवारच्या पानासाठी’ असं लिहिलं होतं, अशी माझी खात्री होती.

दुसऱ्या दिवशी दुपारच्या गाडीने पेपर आला. मी तासाभराने चहाच्या टपरीवर तो उघडला आणि पहिल्या पानावर खाली चौकटीत माझे शब्द दिसले. ‘भिलाईत मजूर गाडला गेल्याची शंका.’ पहिले तीन परिच्छेद जसेच्या तसे होते. खड्डा होता, नंबर होता, टाइमकीपर रोज बिल्ला पाहतो आणि गप्प राहतो, तेही होतं. पुढचं सगळं कापलं होतं. नवा मजूर नव्हता, पुसणं नव्हतं.

खरं सांगायचं तर पहिल्या क्षणी मला आनंद झाला. पहिलं पान होतं. घाबरलो तो दुसरा घोट घेताना.

टपरीवर आमच्या शेजारचा एक फिटर उभा होता. एरवी माझ्या पाठीवर थाप मारून बोलणारा. त्याने माझ्या हातातला पेपर वाचून घेतला आणि हळूच म्हणाला, “कोण होता जी तो?”

“कोणी नाही. ती गोष्ट आहे. चुकून बातमी म्हणून छापली.”

त्याने इकडेतिकडे पाहिलं. “समजलो. इथं नका बोलू. घरी येतो म्या.”

मी घरी पोचलो तर भाऊजी माझ्या आधी येऊन बसले होते. भर दुपारी त्यांना घरात पाहण्याची सवय नव्हती, म्हणून मी आधी ताईकडे पाहिलं. ती चुलीकडे तोंड करून बसली होती.

“घरी बसाले सांगितलं,” भाऊजी म्हणाले. “चौकशी होयेपर्यंत. फळ्यावर चारशे सतराचा बिल्ला आहे, रजिस्टरात सहा दिवसांची गैरहजेरी आहे, अन् पेपरात नंबर आहे. नंबर कोणाले माहीत होता? मले. पेपरात कोण लिहिते? माहा साळा. इतकं तर शेंबडं पोरगंही जोडंल.” मग हात पुढे केला. “वही दाव.”

मी दिली. ते उलटीकडून वाचू लागले. भाऊजी सातवी शिकलेले, बोट ठेवून वाचायचे. किती तरी पानं त्यांना ओळखीची निघाली. कुठे त्यांचीच बोलण्याची लकब, कुठे ताईचं शेजारणीशी झालेलं भांडण, कुठे मुकादमाची शिवी.

“म्या घास घेऊन राहिलो, अन् तू लिहून राहिला,” ते म्हणाले. “कावून बे? आमी काय तमाशा आहो?”

“भाऊजी, गोष्टीतला टाइमकीपर तुम्ही नाही.”

“मंग कोण आहे? या ठेकेदाराकडे दुसरा टाइमकीपर दाव मले. तिकडं मजूर म्हणते, यानं मुर्दा लपवला. इकडं साहेब म्हणते, यानं बातमी फोडली. एका दिवसात दोन्हीकडून चोर केलं तू मले, साळेबुवा.”

त्या दिवसापासून आमच्या घरात जेवताना कोणी बोलेनासं झालं. ताई भाकरी वाढायची आणि माझ्या हातांकडे पाहायची. नळावर मी बादली घेऊन गेलो की बायका गप्प. एकीने तर दुसरीला कोपरखळी मारून सांगितलं, “चुप बस, लिहील तो.” आणि फिटर खरंच घरी आला. मी त्याला कार्बनची नक्कल दाखवली, शेवटपर्यंत वाचून दाखवली. तो डोळे मिटून ऐकत होता. संपल्यावर म्हणाला, “तुमाले कोणी दम देला काय जी? सांगा, घाबरू नका.” ज्यांना मी खरा वाटत होतो त्यांना ‘ही नुसती गोष्ट आहे’ हेच खोटं वाटत होतं.

दुसऱ्या दिवशी मी तीच नक्कल घेऊन ठेकेदाराच्या साइट-ऑफिसात गेलो. तिथले मोठे साहेब शांत गृहस्थ होते. चहा मागवला. सगळे कागद पालथे-उलथे पाहिले, मराठी त्यांना जेमतेम येत होतं.

“कहानी है?”

“जी.”

“तो नंबर कहाँ से आया?”

 भाऊजींच्या ताटावरून आला असं कसं सांगणार?

“और ये बाकी के पन्ने,” ते म्हणाले, “कल रात भी लिखे जा सकते हैं, मास्टरजी.” त्यांनी कागद टेबलाच्या खणात टाकले आणि खण लावून घेतला.

परतताना सायकल हातात धरून चालत आलो आणि वाटेत प्रथम सरांवर संशय घेतला. तोवर मी ‘छापखान्यात गफलत झाली’ असं धरून चाललो होतो. पण पहिल्या पानाची चौकट छापखाना ठरवत नाही, टेबल ठरवतं. टेबलावर सर होते. माझं अक्षर त्यांच्याइतकं कोणी ओळखत नव्हतं. घडीवर ‘रविवारच्या पानासाठी’ लिहिलेलं होतं. आणि मथळ्यातला ‘शंका’ हा शब्द सरांचाच. गोंदियाला असताना जिथे पुरावा नसे तिथे ते हाच शब्द घालून मोकळे व्हायचे. मग आठवलं त्यांचं एक कार्ड, दोन महिन्यांपूर्वीचं: ‘तुझ्या बातम्यांत पाहुणे आहेत, माणूस नाही. एकदा माणूस पाठव.’ ते कार्ड मी ट्रंकेत जपून ठेवलं होतं. घरी येऊन काढलं आणि दहा वेळा वाचलं. प्रत्येक वेळी ते जास्त वाईट वाटत गेलं.

त्यांनी जाणूनबुजून केलं का? टेबलावर नवे होते, वरच्यांना काही करून दाखवायचं होतं का? गोष्ट वाचली, कळली, आणि तीन परिच्छेदांवर कात्री लावली का? मग दुसरा विचार यायचा: घडीवर मी खरंच लिहिलं होतं का? पेन्सिल हातात आठवत होती. घडी आठवत होती. अक्षरं आठवत नव्हती.

भाऊजींना हे सांगितलं तर ते म्हणाले, “मोठ्या लोकाईचं बरं आहे. ते कागदावर माणूस मारते, अन् आपुन जित्ता शोधत फिरतो.” मग तेच म्हणाले, “शोधून तर पाहू. मुकादम म्हणते, त्याच्या गावचे लोक नंदिनीले गोटा फोडाले गेले.”

रविवारी आम्ही चुनखडी आणायला निघालेल्या एका रिकाम्या ट्रकमध्ये बसून नंदिनीच्या खाणीवर गेलो. पांढऱ्या धुळीत सगळी माणसं सारखीच दिसत होती. भाऊजींनी मात्र लांबूनच ओळखला. रोज खिडकीतून ज्याचा हात पाहिला, तो हात घण उचलताना ओळखला. आम्हाला पाहून त्या माणसाने घण खाली ठेवला आणि निघून जाऊ लागला. भाऊजी आडवे आले.

“चार सौ सत्रह?”

“नइ साहेब.”

“म्या तुले रोज बिल्ला देला बे!”

“वो तो मर गे हे, साहेब,” तो गंभीर चेहऱ्याने म्हणाला. “पेपर मा छपे हे.”

कोणी तरी त्यांना बातमी वाचून दाखवली होती, आणि हा गडी मनातून निश्चिंत झाला होता. मेलेल्या माणसाला खड्ड्यात उतरवायला कोण येणार? त्याची बायको पाटी डोक्यावर घेऊन उभी होती, ती पदराआड हसत होती. भाऊजींनी गावाचं नाव घेतलं, मुकादमाचं वर्णन केलं, शपथा घातल्या. तो ढिम्म. चारशे सतरा मेला, आपण दुसरेच.

मी तोवर एका दगडावर बसून त्याचं चित्र काढत होतो. दुसरं काही सुचत नव्हतं, म्हणून. पायांपासून सुरुवात केली. टायरच्या चपला, एकीला सुतळी बांधलेली. मग गुडघे, मग हात, मग तो रुंद, जरा चपटा चेहरा आणि बाहेर आलेले कान. त्याचं लक्ष भाऊजींकडून माझ्याकडे वळलं. हळूहळू जवळ आला, मान वाकडी करून कागद पाहिला, आणि एकदम ओरडला, “ए तो मैं हंव!”

बायकोने पाटी खाली टाकली आणि पोट धरून हसली. भाऊजीही हसले, चार दिवसांत पहिल्यांदा. मग तो बसला. खड्ड्यात उतरायची भीती वाटत होती, म्हणाला. तारेखालून निघालो, बिल्ला मागायला खिडकीवर आलो असतो तर मुकादमाने धरलं असतं. चित्राखाली त्याने अंगठा दिला. भिलाईला यायला मात्र कबूल झाला नाही. तुम्ही मला नेऊन परत खाली उतरवाल, एवढंच पुन्हा पुन्हा म्हणत राहिला. त्याचा आमच्यावर विश्वास नव्हता, आणि असावा असं आम्ही काही केलंही नव्हतं.

सोमवारी साहेबांनी चित्र उजेडाकडे धरून पाहिलं.

“अच्छा बनाया है,” ते म्हणाले. खोटं नव्हतं ते, खरंच आवडलं होतं. “लेकिन मास्टरजी, आदमी आपने बनाया, तो चेहरा भी बना सकते हैं. अंगूठा किसी का भी हो सकता है.”

भाऊजी पुढे झाले. “साहब, मैंने अपनी आँख से देखा.”

“तुम इनके जीजा हो,” साहेब म्हणाले.

मग त्यांनी सरळ सांगितलं. पेपरने छापलं आहे, पेपरनेच मागे घ्यावं. असा मजूर मेला नाही आणि साइटवरच्या कोणीही वार्ताहराला काही सांगितलेलं नाही, असा खुलासा शनिवारच्या आत छापून आला, तर टाइमकीपर कामावर. नाही आला, तर फळा दुसऱ्याच्या हातात.

घरी ताईला सगळं सांगितलं. ती इतके दिवस बोलली नव्हती, ती आता बोलली.

“खुलाशात काय लिवशीन?”

“तेच ठरवतो आहे.” मी गोष्ट म्हणून पाठवली होती असं लिहिलं, तर चूक टेबलावर बसलेल्याची ठरते, सरांची नोकरी जाते. मी बातमी म्हणून पाठवली असं लिहिलं, तर माझी बातमीदारी संपते आणि मी खोटारडा ठरतो. आणि खरं काय ते मला ठाऊक नव्हतं.

“हे पाय,” ताई म्हणाली, “तुहे सर तुले मोठे. मले माहा नवरा. तू माह्या हातचं खाऊन शिकला, हे म्या कधी म्हटलं नाई. आज म्हणून राहिली.”

ती उठून गेली. भाऊजी दाराशी बसून बिडी ओढत होते, त्यांनी सगळं ऐकलं होतं. माझ्याकडे न पाहता म्हणाले, “कोणाचीही नोकरी नको घालवू बे. मास्तरची पण नको. पर लिव लवकर.”

पुढे काय झालं ते आधीच सांगून टाकतो. खुलासा शुक्रवारी छापून आला, आतल्या पानावर, सिनेमाच्या जाहिरातीच्या वर, बोटभर. भाऊजी शनिवारी खिडकीत बसले. फिटरने माझ्याकडे पाहून मान हलवली, त्याला शेवटपर्यंत वाटत राहिलं की मला कोणीतरी दाबलं. भिलाईला पेपरने दुसरा वार्ताहर नेमला. सरांचं उत्तर आलं नाही. पण वर्षभराने मी एक कथा भीत भीत पाठवली, ती रविवारच्या पानावर आली, चित्र सरांचं. त्यानंतरही माझ्या कथा ते छापत राहिले, आणि प्रत्येकीच्या डोक्यावर, दुसऱ्या कोणाच्याही कथेवर नसायचा इतक्या जाड टायपात, ‘कथा’ असा शब्द असायचा. त्यांना मी पुढे कितीदा भेटलो. त्या पाकिटाचा विषय त्यांनी काढला नाही, मी विचारलं नाही. त्यांचा हात आता थरथरतो, पण भेटायला गेलो की अजून विचारतात, गाडीत शेजारी कोण होतं.

पत्राचा कच्चा खर्डा माझ्याकडे आहे. दोन ठिकाणी खोडलेलं आहे, ते सोडून बाकी असं:

सर,

हे पत्र गार्डाच्या हाती न देता टपालाने पाठवतो आहे, म्हणजे ते टेबलावर न पडता तुमच्या हाती पडेल.

चारशे सतरा नंबरचा मजूर जिवंत आहे. नंदिनीला दगड फोडतो. मी त्याला पाहिलं, त्याचं चित्र काढलं. पायात टायरच्या चपला आहेत, डाव्या चपलेला सुतळी बांधलेली. पण इथे चित्रावर कोणी विश्वास ठेवत नाही, कारण ते मी काढलं आहे. माझे भाऊजी घरी बसले आहेत. शनिवारच्या आत खुलासा आला नाही तर त्यांचं काम जाईल.

खुलासा असा छापावा: ‘भिलाईच्या मजुराबद्दलचा मजकूर ही आमच्या वार्ताहराने लिहिलेली काल्पनिक कथा होती. ती त्याने बातम्यांच्या पाकिटात, बातमीच्या धाटणीने आणि कथा असल्याचं न कळवता पाठवली. असा कोणी मजूर मृत्यू पावलेला नाही. बांधकामावरील कोणीही वार्ताहराला माहिती दिलेली नाही. चूक सर्वस्वी वार्ताहराची आहे.’ यातला एकही शब्द कमी करू नये. तुमच्या टेबलाचा उल्लेख येऊ देऊ नये.

‘न कळवता’ हे खरं आहे की नाही, ते मला सांगता येत नाही. मी घडीवर लिहिलं होतं असं मला वाटतं. गेले चार-पाच दिवस मी असंही धरून चाललो की तुम्ही ते वाचलं आणि तरीही छापलं. तुमचं जुनं कार्ड काढून त्यात पुरावा शोधला. हे तुम्हाला सांगितल्याशिवाय खुलासा पाठवणं मला जमेना. तुम्ही तसं केलं असेल तर मला कळवू नका. केलं नसेल, तर मी असा विचार केला याबद्दल तुमच्याजवळ माफी मागायला माझ्याजवळ तोंड नाही. दोन्हीपैकी काहीही असलं तरी खुलासा हाच राहू द्या. माझं घर तुमच्या शब्दावर उभं राहिलं, तुमचं माझ्या कागदाने पडू नये.

बातमी पाठवायला यापुढे दुसरा माणूस नेमावा. मी लिहिलेलं इथे आता कोणी बातमी म्हणून वाचणार नाही, आणि त्यांचं बरोबर आहे. गोष्टी लिहीन. त्या तुम्हाला पाठवू की नको, हे तुम्ही ठरवा.

ताईला मी सांगितलं आहे की तुम्ही छापाल. तिचा विश्वास बसत नाही. ती म्हणते, मोठी माणसं आधी आपलं पाहतात. मी तिला म्हटलं, शुक्रवारचा पेपर येऊ दे. इथे पेपर दुपारी बाराच्या गाडीने येतो. मी आणि भाऊजी दोघंही स्टेशनवर उभे राहू.

तुमचा विद्यार्थी